भरून आलेला गुडघा

आमच्या थोरल्या साडूंनी हात लावला नाही असा गुडघा पारनेर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. लग्नात कोणी उठताना जमिनीला हात टेकला, की हातातल्या अक्षतांसकट हे तिथं हजर. गुडघा वाकवायला लावणार, त्याला कान लावणार आणि "कटकट करतोय, फोटो काढा," असा निकाल देणार. स्वतःच्या गुडघ्यांचा एक्स-रे ते साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कायम बरोबर बाळगत. "पाव्हणं, डावा बघा कसा भरून आलाय, हाडाला हाड भिडलंय. उजव्यात अजून लई फट हाय." म्हणून उजव्याला दोन वेळा तेल, उजव्यालाच पट्टा, आणि अंगाचा सगळा भार डाव्यावर. डावा ठणकायचा, तर म्हणायचे, "नवीन भरलंय, दुखणारच."

ही सगळी खटपट खो-खोसाठी होती. मुलींच्या शाळेत ते खेळाचे सर होते. सरावाला एखादी मुलगी कमी पडली, की स्वतः रांगेत उकिडवे बसत. खो मिळूनही जी उठायला उशीर करी, तिला मैदानाची एक फेरी. आता माजी विद्यार्थिनींचा मेळावा ठरला होता आणि त्या रांगेत एकदा बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शेवटी मीच त्यांना नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोटो पाहिला. "काका, फोटोत हाड दिसतं, गादी दिसत नाही. ही मोकळी फट म्हणजेच गादी. उजवा चांगला आहे. डाव्याची गादी झिजली, म्हणून हाडं भिडलीत. झिजलेली परत येत नाही. वजन उतरवा, मांडीला व्यायाम द्या, सपाटीवर चाला. उकिडवं बसणं मात्र बंद."

एसटीत बसल्यावर साडू म्हणाले, "म्हंजे दोन वर्सं मी धडधाकट गुडघ्याला तेल पाजलं." दुसऱ्या दिवसापासून ते शिट्टी वाजवून व्यायाम करू लागले. मेव्हणीबाई म्हणाल्या, "शिट्टी वाजली की मीच उठून उभी राहते."

मेळाव्याला मी गेलो होतो. चाळिशीतल्या बायका पदर खोचून रांगेत बसल्या, आणि सरांच्या जागी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मांडली. एकीनं मागून येऊन त्यांच्या पाठीला हात लावला आणि हळूच "खो" म्हणाली. सर सवयीनं उठायला गेले, अर्ध्यावर डावा गुडघा धरला आणि परत बसले. मला फार वाईट वाटलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी वाजवली.

"उशीर झाला. मला एक फेरी."

आणि काठी घेऊन ते निघाले. त्यांच्यामागं सगळी रांग उठली. ती फेरी संपायला बराच वेळ लागला, पण एकही बाई सरांच्या पुढं गेली नाही.