बर्फाच्या फळीचा ट्रॅक्टर

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात पोस्टकार्डापेक्षा लांब काही कुणी लिहिलेलं नाही, आणि ती पोस्टकार्डंही बहुतेक दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. मराठी आमची घरात बोलायची भाषा. शाळा कानडीत झाली, कॉलेज इंग्रजीत चाललं आहे. त्यामुळे कुठे चुकलं, मध्येच एखादा कानडी शब्द आला, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लिहायचं कारण एवढंच, की ज्याच्यावर हे गुजरलं तो माझा थोरला भाऊ लिहू शकत नाही, आणि विचारलं तर बोलतही नाही.

त्याला मी अण्णा म्हणतो. वडिलांमागे त्यानेच मला वाढवलं. बंगळुरातल्या एका क्लबच्या मैदानावर तो गवत कापायचा, बैलांनी. मागे लोखंडी यंत्र, त्यात पात्यांचा फिरता रूळ, आणि पुढे आमची जोडी: एक पांढरा, एक शिंगमोड्या. मैदानात खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून बैलांच्या पायांत चामड्याचे बूट घालायचे. हे बूट अण्णा स्वतः शिवायचा. सकाळी तो बैलांपुढे उकिडवा बसून एकेका पायाला बूट बांधायचा आणि बैल त्याच्या डोक्यावर फुसफुसत उभे राहायचे. वडिलांनी त्याला शिकवलं होतं, की जनावराच्या मागे कधी उभं राहायचं नाही, मागून ते लाथ मारतं. पुढे उभं राहायचं. ओळखीचं जनावर आपल्या माणसावर पाय देत नाही.

सोमवारी बैल जुंपायचे नाहीत. आमच्याकडे तो बसवण्णाचा, नंदीचा दिवस. क्लबलाही ते माहीत होतं आणि कुणी काही म्हणत नसे.

मैदानाच्या मागे एका खोलीत आम्ही राहायचो. अण्णा, वहिनी आणि मी.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेलो त्या पावसाळ्यात क्लबच्या सेक्रेटरींनी अण्णाला बोलावून घेतलं. साहेबलोक जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण क्लबात सगळं त्यांच्यासारखंच व्हावं असं सेक्रेटरींना वाटायचं. माणूस वाईट नव्हता.

‘‘तुझे बैल चांगलेच आहेत रे,’’ ते म्हणाले. ‘‘पण चेंडू शेणात जातो, आणि मग तो उचलायचा कुणी यावरून खेळ थांबतो.’’

अण्णा हसला. सेक्रेटरीही हसले. मग म्हणाले, ‘‘आता यंत्र आणायचं ठरलंय. छोटा ट्रॅक्टर, बागेतला. नवा परवडणार नाही, जुना बघ. चालवणारा तूच. नीट चालला तर तुला कायम करतो, खोलीही तुझीच. नाही जमलं तर एक कंत्राटदार आहे. त्याचं स्वतःचं यंत्र आहे आणि स्वतःचा माणूस. तुझा भाऊ कॉलेजात आहे ना? त्याला घेऊन जा.’’

म्हणजे यंत्र चांगलं निघालं तर नोकरी आणि घर, नाहीतर दोन्ही नाही. घरी हे सांगितल्यावर वहिनी म्हणाली, ‘‘बैलाचे दात बघून वय सांगता तुम्ही. ट्रॅक्टरचं तोंड कुठे असतं ते तरी माहीत आहे का?’’

‘‘तू कुठे बघून मला पसंत केलंस? ते चाललं ना?’’

‘‘मला कुणी विचारलंच नव्हतं,’’ वहिनी म्हणाली आणि भात वाढायला लागली.

पहिला ट्रॅक्टर चिकपेटेच्या बाजारात पाहिला. लोखंडी सामानाच्या दुकानांमागे एका गोदामात तो ठेवला होता. हिरवा रंग नुकताच दिलेला. हाताला चिकटत होता. दोरी ओढली की एका झटक्यात सुरू व्हायचा.

‘‘बघा अण्णा, नव्या नवरीसारखा आहे,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘बाजारात आणतानाच बैलाला आंघोळ घालतात,’’ अण्णा म्हणाला. ‘‘आणि शिंगांना तेल लावतात.’’ त्याने इंजिनाच्या टपावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. ट्रॅक्टर थरथरत जागच्या जागी उड्या मारत होता. ‘‘हे दचकतंय रे,’’ तो मला मराठीत म्हणाला. ‘‘दचकणारं जनावर नको.’’ मी खाली वाकून पाहिलं, तर रंगाखाली लोखंड जोडल्याचे वळ दिसले. मला वाटलं, बरोबर आहे याचं.

दुसरा ट्रॅक्टर दंडू भागात, म्हणजे छावणीत, एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंच्या बंगल्यात होता. त्यांच्या नवऱ्याने तो कुठल्याशा थंड देशातून आणला होता. नवरा गेला होता आणि बाई बंगला विकून परत निघाल्या होत्या. हा ट्रॅक्टर पहिल्यापेक्षा बराच जुना होता. बुटका, जाड, रंग उडालेला. पोटाखाली गवत कापायची पाती आणि पुढे रुंद, वाकडी लोखंडी फळी. सुरू करायचा तर फळीपुढे उभं राहून, तिच्यावरून वाकून हँडल फिरवावं लागायचं.

‘‘ही फळी कशाला, विचार,’’ अण्णा म्हणाला.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, बर्फ ढकलायला. मी अण्णाला तसंच सांगितलं.

‘‘बर्फ? लाकडाच्या भुशात ठेवतात तो?’’

‘‘तो नाही. तिकडे आभाळातून पडतो. रस्त्यावर साचतो.’’

‘‘तू पाहिलास?’’

‘‘पुस्तकात आहे.’’

अण्णाने फळीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या पुस्तकांची शंका यायला लागली. बाई हसल्या. म्हणाल्या, फळी काढून ठेवा, इथे तिचं काही काम नाही.

‘‘शिंगं काढलेला बैल कोण नेतो?’’ अण्णा म्हणाला. ‘‘पावसात गटाराचा गाळ मैदानात येतो. तो ढकलू हिच्याने.’’

ट्रॅक्टर चार-पाच वेळा हँडल मारल्याशिवाय सुरू झाला नाही. पण सुरू झाल्यावर जमिनीत पाय रोवल्यासारखा उभा राहिला. अण्णाने टपावर हात ठेवला आणि मान हलवली. बाईंनी मला दोनदा बजावलं, की हँडल मारण्याआधी गिअर काढलेला आहे ना ते रोज पाहायचं, कारण गिअरमध्ये असताना सुरू झाला तर तो सरळ पुढे येईल. मी ते अण्णाला दोनदा सांगितलं.

‘‘कळलं,’’ अण्णा म्हणाला. ‘‘आधी जू उतरवायचं. सरी, ठीक आहे.’’

आणि तो ते कधी विसरत नसे. लोकांना वाटतं की त्याला समजलंच नव्हतं, म्हणून हे मुद्दाम लिहितो. चालवायला तो आठवड्याभरात शिकला. मैदान इतकं गुळगुळीत दिसायला लागलं, की सभासद थांबून त्याच्याशी बोलायचे. गाळही फळीने खरंच निघाला.

बैल त्याने चिकपेटेतल्या एका गाडीवाल्याला विकले. तो कापडाचे गठ्ठे वाहायचा. त्यानंतर अण्णा चिकपेटेत जाईनासा झाला. वहिनीला काही आणायचं असलं तर मला पाठवायचा, आणि मी आलो की विचारायचा, ‘‘दिसले का?’’ बैलांचे बूट त्याने गाडीवाल्याला दिले नाहीत. रस्त्यावर त्यांचा काय उपयोग? खाटेखाली ठेवले आणि अधूनमधून त्यांना तेल चोळत राहिला.

ट्रॅक्टरलाही त्याने सोमवारची सुट्टी दिली. क्लबात यावर फार हसायचे. ‘‘आज यंत्राचा उपास का?’’ फाटकावरचा राखणदार दर सोमवारी विचारायचा. अण्णा म्हणायचा, ‘‘आज तो चरायला गेलाय.’’

ट्रॅक्टर ठेवायचा त्या छपरीची जमीन उतरती होती आणि ट्रॅक्टरचा ब्रेक जुना, सैल. एरवी संध्याकाळी अण्णा चाकांना दगड लावायचा. पण रविवारी, पुढे अख्खा दिवस तो उभा राहणार म्हणून, गिअरही घालून ठेवायचा. मंगळवारी सकाळी आंघोळ करून यायचा, ट्रॅक्टर पुसायचा, टपाला कुंकू लावायचा, तेल बघायचा, गिअर काढायचा, आणि मग हँडल. हा क्रम त्याच्या अंगात बसला होता. कुंकवापासून सुरुवात केली की गिअर आपोआप आठवायचा.

एका रविवारी जोराचा पाऊस झाला. सोमवारी सकाळी मैदानाच्या खालच्या अंगाला घोट्याएवढा गाळ साचला होता आणि दुपारी बाहेरगावच्या संघाशी सामना होता. सेक्रेटरी स्वतः खोलीपाशी आले.

‘‘आज सोमवार आहे, सर,’’ अण्णा म्हणाला.

‘‘अरे, बैलांना सोमवार. लोखंडाला कसला?’’

‘‘माणसं लावून फावड्याने काढतो.’’

‘‘दुपारपर्यंत निघेल? स्वल्प, थोडा विचार कर. कायम करायचा कागद कमिटीपुढे ठेवलाय मी, आजच सगळे इथे आहेत.’’

अण्णा धोतर खोचून तसाच छपरीत गेला, आंघोळ न करता. त्याला ते आवडलं नव्हतं. त्याने ट्रॅक्टर पुसला नाही, कुंकू लावलं नाही. नको असलेलं काम उरकून टाकावं तसे चाकांचे दगड पायाने बाजूला सारले आणि हँडल घेऊन पुढे उभा राहिला. त्याच्या पाठीमागे छपरीचा दगडी खांब होता. मी दारात होतो, कॉलेजला निघालेला.

त्या दिवशी ट्रॅक्टर पहिल्याच फेऱ्यात सुरू झाला. आणि पुढे आला.

बाजूला उडी मारायला जागा होती. मी नंतर पुष्कळदा जाऊन ती जागा पाहिली आहे. पण अण्णाने उडी मारली नाही. त्याने हँडल टाकलं, उजवा हात पुढे केला, बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाला, ‘‘हो... हो.’’ ओरडला नाही. शिंगमोड्याला म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला.

फळीने त्याचे पाय खांबावर दाबले. इंजिन थोडा वेळ ढकलत राहिलं आणि मग आपोआप बंद पडलं.

डावा पाय वाचला. उजवा गुडघ्याच्या वर कापावा लागला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्याने वहिनीला पहिली गोष्ट विचारली ती सामना झाला का. वहिनी म्हणाली, ‘‘झाला. हरले मेले.’’ मग ती पदराने तोंड झाकून बाहेर गेली.

सेक्रेटरी मोसंबी घेऊन आले. त्यांना धड बसवत नव्हतं. म्हणाले, खोलीचं आणि नोकरीचं कमिटी ठरवील, तोवर राहा, घाई नाही. मी म्हटलं, ‘‘सर, अण्णा बरा होईपर्यंत मी ट्रॅक्टर चालवतो.’’ त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच खाटेवरून अण्णा म्हणाला, ‘‘तू त्याला हात लावायचा नाहीस. परीक्षेला बस.’’

मी परीक्षेला बसलो. मैदानातलं गवत वाढत राहिलं. ट्रॅक्टर छपरीत फळीसकट तसाच उभा होता. कोणी त्याच्याजवळ जात नसे. अण्णा कुबड्या घेऊन दारात बसायचा आणि कमिटीचा कोणी येताना दिसला की पाठ सरळ करायचा. त्याचा हिशेब साधा होता. पायाने दाबायचं यंत्र आता त्याला जमणार नव्हतं, पण चालवणाऱ्याला सांगायला, तेलपाणी बघायला कुणीतरी लागेलच. ट्रॅक्टरचा स्वभाव त्याच्याइतका कुणाला माहीत होता? हे तो मला रोज समजावून सांगायचा. मी हो म्हणायचो. कमिटी काही कळवत नव्हती.

शेवटी एका सकाळी फाटकावरचा राखणदार आला. अण्णा आत निजला होता. राखणदार दाराबाहेरच उभा राहिला आणि नेहमीसारखं काही चेष्टेचं बोलला नाही.

‘‘तम्मा,’’ धाकट्या भावाला म्हणतात तसं तो मला हळू आवाजात म्हणाला, ‘‘ट्रॅक्टर विकायचं ठरलं. कुणाला नकोच झालाय तो. पुन्हा बैलच आणायचे म्हणतात.’’

‘‘कुणाचे?’’

त्याने खोलीत वाकून पाहिलं. ‘‘चिकपेटेतल्या गाडीवाल्याचे. पांढरा आणि तो एका शिंगाचा. तो गाडीवालाच हाकणार, महिनाअखेर या खोलीत राहायलाही येईल.’’ मग खाली बघत तो म्हणाला, ‘‘सेक्रेटरीसाहेबांनी विचारायला पाठवलंय. बैलांचे ते बूट तुमच्याकडेच आहेत ना?’’