खेकडा पोचला का घरी?

आमच्या घरातल्या गणपतीला वर्षभर एकच डोळा होता.

दुसरा काढायच्या आधीच आत्या गेली.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सुमनआत्या पेणजवळच्या हमरापूरची. घरचाच गणपतीचा कारखाना, आणि तिच्याकडे काम एकच, आखणी. म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे.

आखणीला बसली की शेजारी बसून कोणीतरी वाचून दाखवायला लागायचं. हात कामात आहेत तर कान रिकामे का ठेवायचे, असं तिचं म्हणणं. सुट्टीत तिच्याकडे गेलो की आम्हा भावंडांची वाचायच्या नंबरावरून भांडणं व्हायची. गोष्टीचं पुस्तक नसेल तर मूर्ती गुंडाळायला आणलेली रद्दी वाचायचो. मला वाचायची गोडी तिथेच लागली.

आणि माझीच लेक पुस्तक दिसलं की पळायची.

रेवा तेव्हा दुसरीत. मी काय काय केलं नाही? भिंतीवर चार्ट, पान वाचलं की स्टिकर, नाही वाचलं की मोबाइल बंद. आमच्या रोह्याच्या घरात रोज संध्याकाळी रडारड. ती अडखळली की मी लगेच शब्द सांगायचे, आणि ती पुस्तकच मिटायची. हिला आता पुस्तकांचा कायमचा राग येणार, अशी मला खरंच भीती वाटायला लागली होती.

मग आत्या चार दिवस राहायला आली. पिशवीत बिनरंगाच्या छोट्या मूर्ती, रंगाच्या डब्या, ब्रश. पाहुणी आली तरी बाईंचं काम सोबत.

तिने रेवाला शेजारी बसवलं आणि वाच म्हणाली. रेवा दुसऱ्याच ओळीत अडखळली. मी स्वयंपाकघरातून तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझ्याकडे बघून डोळे वटारले. मग ब्रश मूर्तीवरून उचलला आणि तसाच हवेत धरून बसली.

का थांबलीस, रेवाने विचारलं.

"तू थांबलीस गो, म्हनून मी पन थांबले. घाय नाय. देव बसलाय, आपन पन बसू."

रेवाने शब्द जुळवला. ब्रश पुन्हा टेकला.

एका मूर्तीला अख्खी दुपार गेली. कारखान्यात असं काम केलं असतं तर गणपती दिवाळीत आले असते. पण रेवा जागची उठली नाही.

आत्या निघाली त्या दिवशी शेवटची मूर्ती अर्धी राहिली. घर चुकलेल्या खेकड्याची गोष्ट चालली होती आणि पेणची एसटी गाठायची होती. एक डोळा झाला, दुसरा राहिला.

"खेकडा पोचला का घरी, ते पुढल्या खेपेला सांग मना. तवर तू पन पुढं वाचू नको. दोघी मिलून ऐकू."

ती खेप आलीच नाही. आत्या झोपेतच गेली, कोणाला त्रास न देता.

वर्षभरात रेवाने घरातली पुस्तकं संपवली, शाळेची लायब्ररी पिंजून काढली. खेकड्याचं पुस्तक तेवढं उघडलं नाही. असा एका डोळ्याचा देव घरात ठेवू नये, कोणाकडून तरी रंगवून घ्या, असं सासूबाई सारख्या म्हणायच्या. रेवा मूर्तीला हात लावू द्यायची नाही. आधी गोष्ट पुरी व्हायला हवी, आणि आत्याआजी नसताना ती वाचायची कशी, हा तिचा प्रश्न.

आज वर्षश्राद्धाला हमरापूरला गेलो. गाडीत रेवाच्या मांडीवर ती मूर्ती, मूर्तीखाली पुस्तक.

जेवणं झाल्यावर ती आत्याच्या मुलाकडे, महेशदादाकडे गेली. आखणी आता तो करतो.

"मामा, तू डोळा काढ. मी वाचते."

दादाने आईचाच ब्रश घेतला.

रेवा वाचत गेली. खेकड्याचा आवाज वेगळा, बगळ्याचा वेगळा. बाहेर हात धुणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. शेवटचं पान संपलं तेव्हा डोळाही पुरा झाला होता.

दादाला ब्रश एकदाही उचलावा लागला नाही.

मी रडले. पण फार बरं वाटलं.

आत्या गो, खेकडा पोचला घरी.

आता तू निवांत राहा.