लाईट गेली आणि रेडिओ बोलायला लागला

मंडळी, आज आमच्या सिरसाळ्याच्या घरात एक गंमत झाली. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी मागे स्वस्तातला, हातात मावणारा, सेलवर चालणारा शॉर्टवेव्ह रेडिओ मागवला होता. त्यावर परदेशातली स्टेशनं लागतात म्हणे! आमच्याकडे मात्र नुसती खरखर. सासूबाई रोज म्हणायच्या, "कावून आणलंस गं हे खोकं? नुसतं कुकरवाणी फुसफुस करतंय."

आज दिवेलागणीला लाईट गेली, आणि खरखर एकदम थांबली! एक माणूस स्पष्ट बोलू लागला. म्हणजे रेडिओ चांगलाच होता, खरखर आमच्याच बल्बची आणि चार्जरची होती.

भाषा मला अजिबात कळेना. पण तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या सासूबाई थबकल्या.

"बाजार म्हणला बघ. आता जमीन म्हणला. ऐक, खबर म्हणला! आपल्याकडचाच हाय की, जरा येगळं बोलतो."

आपल्या तोंडातले हे शब्द इतक्या लांबून कोण बोलत असेल? फारसी असेल का?

तेवढ्यात लाईट आली. पुन्हा खरखर.

एरवी लाईट गेली की वायरमनचा उद्धार करणाऱ्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः मेन स्विच बंद केला. "बोलू दे त्याला. त्याचं अर्धंच राहिलंय."

मोबाईलवर केलेलं त्याचं रेकॉर्डिंग खाली टाकलंय. भाषा ओळखता आली तर जरा लवकर सांगा. सगळ्या गल्लीत लाईट आहे, आमच्याच घरात अंधार आहे.