जीपचं पांढरं तेल

माझा नवरा दर्यावर गेला तो परत आला नाय. त्याची जुनी जीप दारात छपराखाली उभी होती. पोरगा तिच्यातून मासळी बोईसरच्या बाजारात न्यायला लागला. त्याच्यावरच आमचं घर चालतं. पण गाडी बोईसरकडं वळवली की गियर पडायचा नाय, नुसती खरखर. तोंड दर्याकडं केलं की लोण्यासारखा पडायचा.

सालवडच्या मिस्त्रीनं गियरचं तेल खाली सोडलं, तर दुधासारखं पांढरं.

"पाणी गेलंय आत. मावशी, गाडीला दर्यात आंघोळ घातली काय?" तो हसला.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट लागलं.

"पातळ तेल नको, जुन्या गाडीला जाडंच लागतं," असं बोलून त्यानं सील बदललं, नवीन तेल भरलं. थोडे दिस बरे गेले. मग परत खरखर, परत पांढरं तेल. या वेळी मिस्त्री हसला नाय.

परवा गाडी दारातच अडली. टोपल्यातली मासळी उन्हानं नरम पडायला लागली. मी गियरच्या दांड्यावर हात ठेवला. तो गार आन ओला होता.

"आवो, पोरांच्या पोटाला पायजे. जाऊ द्या आमाला," मी बोलली.

गियर पडला. आता रोज त्यांना सांगूनच आमी गाडी काढतो.