हनिमूनची पाठराखीण

आमचं लग्न एका बैठकीत ठरलं. दोन्हीकडच्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, एकमेकांचे पावणे कुठे कुठे निघतात ते बघितलं आणि मोकळे झाले. हनिमूनच्या बैठका मात्र साखरपुड्यापासून सुरू झाल्या त्या संपता संपेनात. त्या दिवशी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी बडीशेप चघळत विचारलं, "मग, लग्न झाल्यावर कुठं फिरायला जाणार पोरांनो?" महाबळेश्वर म्हणून सांगितलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण आम्ही दोघांनी खरं सांगितलं.

बेत साधा होता. विमानानं बार्सिलोनाला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेनं स्पेन, फ्रान्स करत इटलीत शिरायचं. वाटेत जे गाव आवडेल तिथं मुक्काम. माझा नवरा, म्हणजे तेव्हा होणारा, एका फौंड्रीत इंजिनिअर आहे. त्यांच्याकडे ओतलेले पंपाचे भाग इटलीला जातात. ते जातात तो देश एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्याचं इटलीवरचं प्रेम. मला हवा होता रस्ता, समुद्र आणि शांतता. आमच्या घरात मी एकटी अशी फक्त न्हाणीघरात असते, आणि तिथंही बाहेरून कुणीतरी टाकीत पाणी किती उरलंय ते विचारतं. त्यामुळं पंधरा दिवस मला हाक मारणारं एकच माणूस असावं, एवढी माझी हनिमूनची कल्पना होती. ती फार मोठी आहे असं मला अजूनही वाटत नाही.

"गाडी भाड्याची, मग ड्रायव्हर कुठला?" सासऱ्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर नाही, आम्हीच आळीपाळीनं चालवणार."

"म्हंजे लगीन करून दोघांनी ड्रायव्हरकी करायची. मग त्याला हनिमून कशाला म्हणायचं, ट्रान्स्पोर्ट म्हणा की."

माझ्या मामाला वेगळीच काळजी. तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालवतात, हे त्यानं मोबाईलवर बघितलं होतं. त्यावर सासरेच म्हणाले, "आपल्याकडं सगळ्याच बाजूनं चालवत्यात. पोराला सवय हाय." सासूबाईंनी जेवायचं विचारलं. पास्ता म्हणजे जाड शेवया, असं नवऱ्यानं समजावून सांगितलं. "गूळ घालत्यात का साखर?" "काहीच नाही." "मग खायाच्या कशाला?" असं म्हणून त्यांनी भडंगाचा मोठा डबा तिथल्या तिथं पक्का केला. आणि माझे वडील, ज्यांना समुद्र म्हटलं की एकच वाट ठाऊक, ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, "समुद्रच बघायचाय तर गोवा हाय की. चंदगडावरनं एस्टी जाती."

इथवर सगळं ठीक होतं. असल्या चर्चेत आपण मान डोलवायची आणि करायचं तेच करायचं, ही विद्या मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. पण त्याच बैठकीत पाठराखणीचा विषय निघाला.

नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरचं एक बाईमाणूस जातं, ती पाठराखीण. दोन-तीन दिवस राहायचं, पोरीवर लक्ष ठेवायचं, कमी बोलायचं, कमी खायचं, आणि त्या घरानं दिलेली साडी घेऊन परत यायचं. आमच्या भावकीत हे काम पिढीजात असल्यासारखं एकाच बाईकडं आहे, माझ्या आत्याकडं. आत्याचं लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आत ती माघारी आली आणि आमच्याकडंच राहिली. का आली हे घरात कुणी बोलत नाही. आई शाळेत मास्तरीण, तेव्हा माझ्या वेण्या, माझा डबा, माझी आजारपणं, सगळं आत्यानं केलं. आणि मोकळी बाई म्हणून भावकीतली प्रत्येक पोरगी सासरी पोचवायलाही तीच. चंदगडाच्या पावसात ती गेली, हातकणंगल्याला गेली, निपाणीच्या पुढं एका घरात सगळे कानडी बोलत होते तिथं तीन दिवस नुसतं हसून काढून आली. तिच्या ट्रंकेत सगळ्या साड्या दुसऱ्यांच्या सासरच्या आहेत.

माझं सासर उचगाव. आमच्या दारातून रिक्षात बसलं तर गाणं संपायच्या आत येतं. तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं, उचगावला कसली पाठराखीण, तिथनं हाक मारली तर इथं ऐकू येईल. सगळे हसले. आत्या परातीतली भांडी उचलत होती. ती थांबली आणि म्हणाली, "उचगावला नको, खरं हाय. पण पोरगी लग्नानंतर पहिल्यांदा परक्या मुलखात चालली ती युरोपात. मग तिकडं पाठराखीण नको व्हय? मी येतो की."

कोल्हापूरची बाई 'मी येते' म्हणत नाही, 'मी येतो' म्हणते, आणि ते विचारणं नसतं, बातमी असते. तरी आम्ही ती चेष्टा समजलो. सासरे तर ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले. आत्या भांडी घेऊन आत गेली.

पुढचे काही आठवडे मी गाड्यांचे फोटो, गावांचे फोटो आणि खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या खोल्या बघण्यात घालवले. आत्या कधीकधी मागून डोकवायची. "ही वाट घाटाची दिसती," म्हणायची. किंवा, "हितं धुणं वाळत घालत्यात का बघ." मला वाटायचं, बरं, तिलाही तेवढीच करमणूक. मग एका सकाळी दारात हवालदार उभा राहिला.

वडिलांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आमच्या घरी पोलीस यायचं कारण आजवर कधी पडलं नव्हतं. हवालदारानं आत्याचं नाव वाचलं आणि विचारलं, "ह्या हितंच ऱ्हात्यात का? पासपोर्टची चौकशी हाय." वडील म्हणाले, "तुमचा पत्ता चुकलाय." तेवढ्यात आत्याच चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "न्हाय चुकला, बसा." गल्लीच्या कोपऱ्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान आहे. तिथं जाऊन तिनं परस्पर सगळं करून टाकलं होतं, आणि घरी दळणाला जातो म्हणून सांगितलं होतं.

हवालदार भला माणूस. बशीत चहा ओतत त्यानं सहज विचारलं, "कुठं निघालाय मावशी? हजला तर तुमी जाणार न्हाई, आन काशीला पासपोर्ट लागत न्हाई."

"पुतणीच्या हनिमूनला," आत्या म्हणाली.

त्यानं बशीतला चहा परत कपात ओतला आणि पुन्हा विचारलं. आत्यानं पुन्हा तेच सांगितलं, वर देशही सांगितले. बार्सिलोनाला ती बार्शीलोणा म्हणाली, बार्शीच्या पुढचं एखादं गाव असावं तसं. हवालदारानं सही घेतली, टोपी घातली आणि जाताना वडिलांना म्हणाला, "एवढ्या नोकरीत असलं कारण पयल्यांदा ऐकलं." तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आधी बातमी पोचलेली होती. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं मेथी बांधता बांधता मला विचारलं, "आत्याबाई बी चालल्या म्हणं तुमच्या मधी?" मधी हा शब्द तिनं असा काही उच्चारला की मी मेथी न घेताच परत आले.

घरात वडील तापले. "खुळी झालीस व्हय? नवरा-बायकोत जाऊन तू काय करणार तिथं?"

"आजवर केलो तेच," आत्या म्हणाली. "कोपऱ्यात गप बसणार."

आई म्हणाली, तुम्ही भाऊ आहात, तुम्ही समजावा. वडील म्हणाले, बायकांचा विषय, तू समजाव. शेवटी दोघं माझ्याकडं बघायला लागले. "तुझा हनिमून, तूच सांग," वडील म्हणाले. ज्या घरात माझं लग्न ठरवताना मला शेवटून दुसऱ्या नंबरावर विचारलं, तिथं हे एक काम मात्र सर्वस्वी माझं निघालं.

मी चिडले होते, साफ सांगते. अंगाचा तिळपापड झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा पंधरा दिवस मागितले होते, तेही कुणाचं काही काढून न घेता. पण जिनं मला गोवर आला तेव्हा पंख्यानं वारा घातला, तिला 'तू नको' म्हणायला तोंड कुठनं आणायचं? रागात मी नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "तिला गाडीत उलटी होती का?"

"अरे बाबा, आपला हनिमून हाय," मी ओरडले.

"म्हणूनच विचारतोय. वाटेत घाट हायत."

मी फोन ठेवून दिला. वाईट माणसाशी भांडायला सगळं घर आपल्या बाजूनं येतं. चांगल्या माणसाशी भांडताना आपण एकटे पडतो. आता नाही म्हणणारी जगात मी एकटीच उरले होते. बराच वेळ जिन्यावर बसून राहिले आणि मग स्वयंपाकघरात गेले.

आत्या पाट घेऊन खाली बसली होती आणि खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. आमच्यासोबत न्यायचीच असणार, कारण लसूण कमी घातला होता. विमानात वास येतो हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी समोर बसले. काय बोलायचं ते जिन्यावर जुळवलं होतं, ते सगळं विसरले.

"आत्या, हनिमून म्हणजे काय असतं माहितेय का तुला?"

तिनं बत्ता बाजूला ठेवला. "न्हाई. सांग, काय असतंय?"

मी काय सांगणार, कपाळ. "म्हणजे, नवरा-बायको दोघंच... ओळख व्हावी म्हणून... तसं..." माझी बोबडी वळलेली बघून ती आधी गालात आणि मग खो खो हसायला लागली. पदरानं डोळे पुसले.

"लगीन झालतं माझं, बाळ. आठ म्हैनं का हुईना. मला कळत न्हाय व्हय हनिमून म्हंजे काय?"

"मग हे सगळं काय लावलंयस? पोलीस दारात आला, गल्ली हसतीया."

"हसू दे की." ती पुन्हा कुटायला लागली. "सरळ म्हणालो असतो, मला जग बघायचंय, मला पासपोर्ट काढा, तर तुझा बा काय म्हणाला असता? ह्या वयात काय थेरं सुचत्यात. चार दिवस बोलला नसता. खुळी झाली म्हटल्यावर सगळी हसली, पण अडवायला कोण आलं न्हाई. हसणाऱ्याचं हात मोकळं नसत्यात, पोट धरायला लागत्यात."

ह्या बाईला आम्ही सगळ्यांनी मिळून भोळी ठरवलं होतं.

"तुमच्यात मी येत न्हाय," ती म्हणाली. "जावा तुमी दोघं. तुझ्या नवऱ्यानं मगाशी मला फोन करून विचारलं, उलटी होती का म्हणून. चांगलं पोरगं हाय, त्याला असलं काय करू नये."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरला हे मला इतकं कळलं की माझी मलाच लाज वाटली. मी तिचा हात धरला. तिखटानं माखलेला होता. तिनं सोडवून घेतला नाही.

"मी सासरी गेलो तवा माझ्यासंगं पाठराखीण न्हवती," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्या घराबद्दल तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. "सुगी चालू हुती. बा म्हणला, पाठवायला माणूस न्हाई. एकटीच गेलो. माघारी आलो तवा बी एकटीच आलो. म्हणून कुणाची पोरगी चालली म्हटलं की मी न विचारता पिशवी भरतो."

रडू येत होतं आणि ते तिला आवडत नाही हे ठाऊक होतं.

"आता ऐक," आत्या म्हणाली. "पासपोर्ट आला की पुढल्या साली मी जाणार. माझ्यासंगं पाठराखीण म्हणून तू यायचं. कमी बोलायचं, मी सांगीन तिथं बसायचं. जमंल?"

"जमंल."

मी मोबाईल काढला, नकाशा मोठा केला आणि तिच्यापुढं धरला. हे इटली, हे ग्रीस, ही सगळी बेटं, समुद्र असा आतपर्यंत येतो. "बोल, कुठं जायचं?"

तिनं हात पदराला पुसला, पण नकाशाला लावला नाही.

"कुठं बी ने," ती म्हणाली. "फकस्त तिथं आपलं एक बी पावणं नसावं."