गेलेल्या अक्षराचं श्राद्ध

इंग्रज देश सोडून गेले, पण त्यांची पुस्तकं रद्दीत उरली होती. त्यातलंच एक थोरल्या भावाने अमळनेरला घरी आणलं. इंग्रजी भाषेच्या इतिहासाचं. पहिली पानं कसरीने खाल्लेली होती, उरलेली मी खाल्ली. मॅट्रिक होऊन घरी बसले होते, मांडीवर शब्दकोश होता, आणि इंग्रजी बोलताना कोणाला धड ऐकलेलंही नव्हतं. त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता.

पुस्तकात एक नियम सापडला. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो. पितर तिकडे फादर, पाद तिकडे फूट. झालं! मी घरभर शिकार करत सुटले. पंखा आणि फॅन सख्खे भाऊ आहेत असं जाहीर केलं. (ते शेजारीसुद्धा नाहीत, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.) आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मंग आजपासून पोयीले फोयी म्हनू का?"

आबांना, म्हणजे वडिलांना, या वेडावर एकच औषध माहीत होतं. दोंडाईच्याहून एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मला लग्न नको होतं, शिकवायचं होतं. मी जेवण सोडलं. दुपारचंच, रात्री भरीत होतं. शेवटी आबांनी अट घातली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत शिक्षिकेची नोकरी मिळव, नाहीतर दोंडाईचा.

धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली. एस.टी.ने गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी परीक्षा म्हणून आठवीला शरीराचे अवयव शिकवायला सांगितले आणि स्वतः मागच्या बाकावर बसल्या.

मी फळ्यावर गुडघ्याचं स्पेलिंग लिहिलं. सगळं जग त्याला 'नी' म्हणतं. पण त्यातला पहिला 'के' पूर्वी उच्चारत असत हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही.

"मुलींनो, आपण आजानुबाहू म्हणतो ना? त्यातला जानु म्हणजे गुडघा, तोच हा. 'ज'चा तिकडे 'क' झाला. म्हणा, क्नी!"

"क्नी!" वर्ग आनंदाने किंचाळला. एक मुलगी तर गुडघा धरून "क्नी, क्नी" करत लंगडायला लागली.

मुख्याध्यापिकाबाई उठल्या. "बाई, तो 'के' हल्ली कोणी उच्चारतं का?"

"नाही. तो गेला. कित्येक शतकं झाली."

"मग गेलेल्याला हाका कशाला मारताय? श्राद्ध घालायचंय का त्याचं?"

माझ्या डोळ्यांपुढे दोंडाईच्याचं स्टेशन उभं राहिलं.

त्यांनी मला खोलीत नेलं. "इंग्रजीला तुम्हाला घेतलं, तर तपासणीला आलेल्या साहेबांपुढे सगळ्या मुली क्नी-क्नी करतील. पण शिवणाच्या बाई नोकरी सोडून गेल्यात. शिवण येतं का?"

इथे तरी सरळ उत्तर द्यावं! "बाई, आपलं शिवणं आणि इंग्रजीतलं 'स्यू' खरोखर एकाच मुळातले—"

"त्याला 'सो' म्हणतात. आणि मी मूळ नाही विचारलं. काज-बटण येतं का?"

"येतं."

"मग सोमवारपासून या. वर्गात काही सांगावंसं वाटलं की दोरा दातात धरा."

घरी आबा ओट्यावर बसले होते. "व्हयनी का इंग्रजीनी मास्तरीण?"

"शिवणाची."

"शिवणनी? मंग हाई बठ्ठं पुस्तक वाचीसन काय फायदा?"

"आबा, तुम्ही शिक्षिकेची नोकरी म्हणालात. कोणत्या विषयाची, ते तुमच्या वाक्यात नव्हतं."

आबांनी ओठ हलवत आपलं वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. खरंच नव्हतं. ते आईकडे वळले आणि म्हणाले, "जाऊ दे. दोंडाईचाना तो पोऱ्या तरी हिना तावडीतून वाचना."