सगळ्या पानांवर साबुदाणा

मी वेबसाइट बनवतो, असं मी सांगतो. सोसायटीतले लोक ‘काहीतरी कॉम्प्युटरचं करतो’ असं सांगतात, आणि तेच जास्त खरं आहे. त्याआधी बरीच वर्षं मी चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात तिथं, होतो. तिथल्या माझ्या मित्राची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, निघोज्यात खानावळ चालवतात आणि कंपन्यांना डबे पुरवतात. माझं पहिलं गिऱ्हाईक त्याच. मैत्रीतलं गिऱ्हाईक पळून जात नाही, एवढाच माझा धंद्याचा अभ्यास.

त्यांच्या वेबसाइटवर पाच कंपन्यांची पाच पानं होती. प्रत्येक पानावर एक पट्टी: खानावळीचं नाव, फोन, आजचा मेनू. खाली किती ताटं हवीत ते टाकायचं. सुरुवातीला ही पट्टी मी प्रत्येक पानावर वेगळी चिकटवली होती. रोज सकाळी मेनू सगळीकडे हातानं बदलायचा. एखादं पान हमखास राहायचं आणि त्या कंपनीला कालचीच मटकी दिसायची.

मग मला सॉफ्टवेअरमधली सोय सापडली. पट्टी एकदाच बनवायची, तीच सगळ्या पानांवर बसवायची. एकदा बदला, सगळीकडे बदलते. आमच्या प्रेसशॉपसारखं: साचा, म्हणजे डाय, एकच, नग हवे तेवढे! मी हर्षानं वहिनींना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “बरं. मटकी गेली का पण?”

त्याच सुमारास पाचवी, नवी कंपनी आठवडाभर डबे चाखून बघत होती. तिचं काम कायमचं मिळालं, तर मित्र नाईट शिफ्ट सोडून स्वतः डब्यांचा टेम्पो चालवणार होता. नाईट करून करून त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला, तो नेमका संकष्टीचा.

पाचांतल्या एका कंपनीचे मालक गणपतीचे भक्त. संकष्टीला त्यांच्याकडे फक्त खिचडी जाते. मी त्यांचं पान उघडलं, पट्टीवर ‘साबुदाणा खिचडी, काकडीची कोशिंबीर’ असं टाकलं आणि समाधानानं चहा प्यायला गेलो. मी त्यांच्या पानावर उभा आहे, म्हणजे त्यांचंच बदलतंय, असा माझा समज. डायची फुशारकी मारणारा मीच, आणि एका नगासाठी अख्खा डायच घासून बसलो होतो.

वहिनींचा फोन आला. “भावजी, आज अख्ख्या चाकणचा उपास आहे काय हो?”

“म्हणजे?”

“पाचही कंपन्यांनी खिचडी मागितलीय. नव्या कंपनीनंसुद्धा. मी साबुदाणा भिजवलाय तो एकट्या गणपतीवाल्यांपुरता.”

“आत्ता भिजवला तर?”

“आणि कंपनीच्या पोरांना काय, न भिजलेले खडे चावायला देऊ?”

मी घाईघाईनं पट्टीवर वांग्याची भाजी आणि भाकरी टाकली. हो, त्याच पट्टीवर! गाडीला किक मारतो तोवर गणपतीवाल्यांच्या कारकुनाचा मला फोन: “अहो, संकष्टीला वांगं? साहेबांनी बघितलं तर मला देव्हाऱ्यात बसवतील!”

खानावळीत पोचलो तेव्हा वहिनी नव्या कंपनीच्या सुपरवायझरशी फोनवर बोलत होत्या. कढईचा आवाज होता म्हणून स्पीकर चालू. मित्र नाईटवरून तसाच येऊन पिठाच्या डब्यावर बसला होता. मी दाराशीच थांबलो. आता माझं नाव निघणार, याची वाट बघत.

“साहेब, खिचडी नाही येणार. चूक आमच्याकडची आहे. वांग्याची भाजी, भाकरी येईल, वेळेवर येईल.”

आमच्याकडची, म्हणाल्या. मित्रानं डोळे मिटून घेतले.

“ताई, खरं सांगू का?” सुपरवायझर हळूच म्हणाला. “खिचडी वाचल्यापासून पोरं माझ्या मागं लागलीत. म्हणतात, जेवणाचा बंदोबस्त केलाय का उपोषणाचा? वांगंच पाठवा. आणि ठेचा असेल तर बघा.”

ठेचा होता. त्या दिवशी डबे मीच भरले. वहिनींनी मला मोबाइलला हात लावू दिला नाही. गणपतीवाल्यांची खिचडीही बिनबोभाट गेली.

दुपारी सुपरवायझरचा परत फोन आला. “ताई, सोमवारपासून पक्कं. फक्त मेनू तुम्ही तोंडीच सांगत जा.”

मित्र आता दिवसा टेम्पो चालवतो आणि रात्री घोरतो, असं वहिनी कौतुकानं सांगतात. पट्टीवर मी फक्त खानावळीचं नाव आणि फोन ठेवलाय. मेनू प्रत्येक पानावर वेगळा, हातानं. संकष्टीच्या सकाळी टेम्पो मुद्दाम माझ्या खिडकीखाली थांबतो, हॉर्न वाजतो, आणि मित्र ओरडतो, “काय राव, आज कोणाकोणाचा उपास?”